शताब्दीचे स्मृतिनाणे: चाळीस मिलिमीटरच्या वर्तुळात काय ठेवावे

नमस्कार. उत्तर लांबणार आहे, म्हणून आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. इंदुरातील आपल्या मराठी वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त सभासदांना देण्यासाठी चांदीचे स्मृतिनाणे काढावे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. एका गटाला एका बाजूवर देवी अहिल्याबाई आणि दुसऱ्या बाजूवर राजवाडा, समई, उघडे पुस्तक, वीणा व संस्थापकांचा चेहरा हवा आहे. दुसऱ्या गटाच्या मते संस्थेचे नाव आणि साल एवढे पुरे. शिवाय नाण्यावर ‘शंभर रुपये’ असे लिहिता येईल का, हेही आपण विचारले आहे.

कोणते प्रतीक चांगले आणि कोणते कमी चांगले, या रूपात हा वाद कधीच मिटत नाही, कारण यादीतील प्रत्येक प्रतीकाच्या मागे कार्यकारिणीतील कोणीतरी उभे असते आणि कोणालाही नाही म्हणणे अवघड जाते. समितीत जितकी माणसे तितकी चिन्हे, असे होऊन बसते. खरी अडचण अशी आहे की हे नाणे आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या सभासदाच्या नातवाच्या हाती लागेल, तेव्हा सोबत निमंत्रणपत्रिका नसेल, समारंभातील भाषणे नसतील आणि मखमली डबीही बहुधा हरवलेली असेल. त्या वेळी केवळ धातूकडे पाहून त्याला ‘हे अमुक वाचनालयाचे’ असे कळायला हवे. या कसोटीला जे उतरेल ते ठेवावे आणि बाकीचे स्मरणिकेत छापावे. तिथे जागा भरपूर असते.

कायद्याचा भाग आधी आटोपतो. नाणी पाडण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारचा आहे आणि २०११ च्या नाणे अधिनियमानुसार पैसा म्हणून वापरता येतील असे धातूचे तुकडे खासगी रीतीने पाडणे हा गुन्हा आहे. म्हणून आपल्या वस्तूवर मूल्य लिहू नये, रुपयाचे चिन्ह घालू नये आणि अशोकस्तंभाचे सिंह तर मुळीच नकोत; राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यवहारात सगळे ‘नाणे’ म्हणाले तरी कागदोपत्री तिला ‘स्मृतिपदक’ म्हणावे. ‘१००’ हा आकडा अर्थातच वापरता येईल, परंतु तो एकटा ठेवू नये. त्याला लागूनच ‘वर्षे’ हा शब्द असावा, म्हणजे कोणी तो किमतीचा आकडा समजणार नाही.

मूल्य घालण्याची इच्छा कोठून आली, ते मात्र मला समजते. सरकारी स्मृतिनाण्यांवर अलीकडे मूल्य हेच एक प्रतीक झाले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये १२५ रुपयांचे नाणे निघाले, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या संदर्भात २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी ७५ रुपयांचे निघाले आणि अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे पंतप्रधानांच्या हस्ते ३०० रुपयांचे प्रकाशित झाले. बाजारातल्या देवघेवीसाठी असे आकडे कोणी ठरवणार नाही. तिथे वर्षांची संख्याच किमतीच्या जागी येऊन बसली आहे. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मृतीसाठी स्वतंत्र भारताची पहिली स्मृतिनाणी निघाली, ती एक रुपया आणि पन्नास पैशांची होती आणि लोकांच्या खिशात फिरली. आताची स्मृतिनाणी संग्राहकांच्या कपाटात जातात, आणि त्यामुळेच त्यांच्या रचनेत सजावट वाढत चालली आहे, असे माझे मत आहे.

प्रतीकांच्या निवडीबाबत मी नव्या नाण्यांपेक्षा आपल्याच माळव्यातल्या जुन्या नाण्यांकडे पाहायला सांगेन. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वरच्या टांकसाळीत पाडलेल्या रुपयावर मजकूर फारसी आहे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे, म्हणजे शाहआलम दुसरा याचे आहे. त्या काळाची रीतच तशी होती. सत्ता कोणाचीही असली तरी नाण्यावरचे शब्द बादशहाचे. मग होळकरांचे त्यात काय? त्यांचे आहे ते शिवलिंग आणि बिल्वपत्र. फारसी न येणाऱ्या माणसालाही तो रुपया हातात घेताच कळत असे की हा महेश्वरचा, ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ अशी मोहोर घेऊन कारभार करणाऱ्या बाईंचा. मल्हारनगरच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या टांकसाळीने त्याच पद्धतीने सूर्यमुख वापरले. शब्दांवर स्वतःचा हक्क नसताना या लोकांनी एका लहानशा चिन्हातून आपली ओळख सांगितली आणि ती सव्वादोनशेहून अधिक वर्षे टिकली आहे. त्या रुपयावर घाट नाही, देऊळ नाही आणि बाईंचा चेहराही नाही.

हे केवळ होळकरांपुरते नाही. बडोद्याच्या गायकवाडांच्या नाण्यांवर तलवार दिसते आणि तिच्याबरोबर राजाच्या नावाची व आडनावाची नागरी आद्याक्षरे येतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजचिन्हातला नाग विसाव्या शतकातल्या त्यांच्या तांब्याच्या पाव आण्यापर्यंत पोहोचला आहे. शब्दांनीच बोलायचे ठरवले तर काय होते, याचेही उदाहरण होळकरांकडेच आहे: पहिल्या यशवंतरावांनी शके १७२८ मध्ये, म्हणजे १८०६ साली, संस्कृत श्लोक असलेला रुपया पाडला. तो अतिशय देखणा आहे आणि संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात, परंतु त्याच्यावरचा श्लोक पुरता वाचणारे त्या काळीही थोडेच असणार.

आता आपल्या यादीला ही कसोटी लावून पाहू. अहिल्याबाईंविषयीचा आदर इंदुरात कोणाला नाही? तथापि त्यांचे चित्र पाहून नाणे इंदूरचे आहे एवढेच कळेल, वाचनालयाचे आहे हे कळणार नाही, आणि त्यांच्या प्रतिमेचे सरकारी नाणे नुकतेच निघालेले असताना आपले नाणे त्याची खासगी नक्कल वाटेल. राजवाड्याचेही तेच, शिवाय त्याच्या सात मजल्यांतल्या खिडक्या, कमानी आणि झरोके चाळीस मिलिमीटरमध्ये बसवले तर प्रत्येक रेघ केसाइतकी होते आणि चांदीत तिचा नुसता खरखरीतपणा उरतो. समई, उघडे पुस्तक आणि वीणा ही चिन्हे कोणत्याही शाळेची, महाविद्यालयाची किंवा गायनवर्गाची असू शकतात. ती चूक नाहीत, पण ती एक प्रकार सांगतात. एका विशिष्ट संस्थेचे नाव घेत नाहीत.

आपण आपल्या प्रश्नात जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आहे आणि त्याच्या मध्यभागी संस्थेच्या नावाची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. हे आपले बिल्वपत्र. ते आधीच गोल आहे, एका रंगात आणि लहान आकारात ओळखू येईल अशा रीतीने बनलेले आहे, शंभर वर्षे प्रत्येक पुस्तकाबरोबर ते घराघरांत गेले आहे आणि दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे ते नाही. ते मध्यभागी मोठे घ्यावे, असा माझा सल्ला आहे. मात्र आजच्या संगणकीय अक्षरात ते नव्याने जुळवू नये. जुन्या शिक्क्याचा जो ठसा सर्वांत स्वच्छ उमटलेला असेल तो शोधून त्याचे मोठे छायाचित्र काढावे आणि अक्षरांची वळणे, अगदी जराशी वाकडी असली तरी, तशीच ठेवावीत.

संस्थापकांच्या चेहऱ्याबद्दल माझे उत्तर उपलब्ध छायाचित्रावर अवलंबून आहे. आपल्याकडे एकच समूहछायाचित्र आहे आणि त्यात ते मागच्या रांगेत पगडी घालून समोर पाहत उभे आहेत, असे आपण म्हणता. अशा छायाचित्रावरून उठावाचा, म्हणजे धातूच्या पृष्ठभागातून वर आलेला, चेहरा घडवला तर त्यातले निम्मे कारागिराच्या कल्पनेचे असते. नाक किती पुढे आहे आणि हनुवटी किती मागे, हे समोरच्या चित्रातून कळतच नाही. चेहरा बाजूने दाखवण्याची नाण्यांवरची जुनी रीत याच कारणाने टिकून आहे: बाजूची बाह्यरेषा थोड्या उठावातही माणूस ओळखवते, तर समोरच्या चेहऱ्यात नाक हाच सर्वांत उंच बिंदू होतो आणि तोच प्रथम झिजतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने चांदीत तांबे मिसळून समोरच्या चेहऱ्याची नाणी काढली, तेव्हा नाकावरची चांदी घासून आतले तांबे दिसू लागले आणि लोकांनी त्याला ‘तांबडनाक्या’ ठरवले. इंदूरचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे राजे शिवाजीराव होळकर यांच्या चांदीच्या रुपयावर त्यांचा चेहरा जवळजवळ समोरून दाखवला आहे आणि चांगल्या स्थितीतला तो रुपया पाहण्यासारखा असतो, पण जो बराच हाताळला गेला त्यावरची ओळख पगडीवरच अवलंबून राहते. त्याच शिवाजीरावांच्या तांब्याच्या पाव आणि अर्ध्या आण्यावर मात्र बसलेला नंदी आहे. जे नाणे भाजीवालीपासून टांगेवाल्यापर्यंत रोज फिरणार, त्याच्यावर चिन्ह ठेवले गेले, याकडे मी नेहमी लक्ष वेधतो. संस्थापकांचे बाजूने काढलेले स्वच्छ छायाचित्र घरच्या मंडळींकडे मिळाले तर माझा विरोध मागे घेईन. नसल्यास त्यांचे नाव अक्षरांत द्यावे, चेहरा देऊ नये.

आता आकार. समित्यांना नाणे मोठे हवे असते आणि चांदी कमी लागायला हवी असते, आणि या दोन इच्छा एकत्र आल्या की नाणे पत्र्यासारखे होते. हिशेब सोपा आहे. चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम आहे, म्हणून २० ग्रॅम चांदीची ४० मिलिमीटर व्यासाची चकती जेमतेम दीड मिलिमीटर जाड भरते. तेवढ्याच चांदीत व्यास ३४ मिलिमीटरवर आणला तर जाडी दोन मिलिमीटरच्या थोडी वर जाते. दिसायला ती लहान वाटेल, पण हातात वजनदार लागेल आणि तिच्यावर उठाव नीट घेता येईल. तुलनेसाठी सांगतो, आपल्या सरकारी स्मृतिनाण्यांचा दीर्घकाळ चाललेला साचा ४४ मिलिमीटर व्यास आणि ३५ ग्रॅम वजनाचा होता, आणि त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे व प्रत्येकी ५ टक्के निकेल आणि जस्त असे. शुद्ध चांदी त्या मिश्रणापेक्षा मऊ असते. ठसा त्यामुळे छान उतरतो, पण चराही लवकर पडतो. किती ग्रॅमचे नाणे परवडेल, ते आपल्या निधीवर आणि सभासदसंख्येवर ठरेल. नग थोडे असतील तर ठसा तयार करण्याचा खर्च भारी पडतो, नग वाढले की धातूचा खर्च त्याच्या पुढे जातो. निधी फारच कमी असेल तर सराफ्यात दिवाळीला विकल्या जाणाऱ्या लक्ष्मी-गणेशाच्या नाण्यांचे तयार ठसे असतात, त्यांची एक बाजू तशीच ठेवून दुसरीवर संस्थेचे नाव घालून देणारे आहेत. परंतु शताब्दीला मी ते सुचवणार नाही. त्यापेक्षा हेच चिन्ह तांब्यात किंवा पितळेत चांगले पाडून घ्यावे.

दोन्ही बाजूंचा विचार एकत्र करावा, हे अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण कागदावर त्या शेजारी शेजारी काढलेल्या असतात. प्रेसखाली दाब पडला की चकतीतला धातू सरकून ठशातील खोलगट भागात शिरतो. एका बाजूच्या मध्यभागी मोठा उठाव असेल आणि नेमक्या त्याच जागी मागच्या बाजूलाही मोठा उठाव असेल, तर धातू दोघांनाही पुरत नाही आणि दोन्ही चिन्हे मध्यभागी बसकी येतात. फार उंच उठाव हवाच असेल तर चकती मध्ये मध्ये तापवून मऊ करून पुन्हा पुन्हा ठोकावी लागते आणि खर्च वाढतो. म्हणून पुढे गुंफलेली आद्याक्षरे ठसठशीत असतील तर मागे कमी उठावाचा मजकूर ठेवावा. शिवाय काठ हा चिन्हाच्या सर्वांत उंच बिंदूपेक्षा थोडा उंच असला पाहिजे, म्हणजे नाणे टेबलावर ठेवले तरी घासणार तो काठ, अक्षरे नव्हेत.

अक्षरांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण देवनागरीतली नाणी बहुतेक वेळा इथेच बिघडतात. वर्तुळाच्या वरच्या कमानीवर मजकूर लिहिला की शिरोरेषा काठाच्या बाजूला येते आणि अक्षरांचे पाय आत केंद्राकडे जवळ जवळ येतात. त्यामुळे उकार, ऋकार आणि जोडाक्षरे एकमेकांत घुसतात. वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, म्हणून शिरोरेषा आणि काठ यांच्यात अक्षराच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश जागा मोकळी सोडावी लागते. खालच्या कमानीवर उलट घडते: पाय काठाकडे पसरतात आणि शिरोरेषा आत आखडते. म्हणून लांब नाव वर आणि लहान मजकूर, म्हणजे साल किंवा गाव, खाली ठेवावा. संगणकावर मजकूर कमानीत वळवताना शिरोरेषा तुटते, मग ती जोडण्यासाठी कलाकार वर एक सलग कंस ओढून देतो, आणि त्या कंसाने ‘ध’ चा ‘घ’ व ‘भ’ चा ‘म’ होतो. ‘सभा’ ची ‘समा’ झालेली चांदीत आयुष्यभर राहते. ठसा कापण्यापूर्वी आरशातली उलटी नव्हे तर सुलटी प्रत मागून घ्यावी आणि प्रत्येक ध, भ, ष यांच्यावर बोट ठेवून ती तपासावी. वाचनालयात शुद्धलेखन पाहणारे एखादे सर किंवा बाई नक्कीच असतील. हे काम समितीच्या अध्यक्षांपेक्षा त्यांच्याकडे द्यावे. दीड मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मी सहसा घेत नाही. तेवढ्यात न बसणारा मजकूर मी लहान करत नाही, काढून टाकतो.

एवढे सगळे जमेस धरून माझी रचना अशी होईल: पुढील बाजूस मध्यभागी जुन्या शिक्क्यातील आद्याक्षरे, भोवती पूर्ण मोकळी जागा आणि काठाजवळ वर संस्थेचे नाव, मागील बाजूस ‘१०० वर्षे’, त्याखाली आरंभाचे आणि शताब्दीचे अशी दोन साले, ‘इंदूर’ आणि संस्थापकांचे नाव. चांदीची शुद्धता मागील बाजूस अगदी लहान घ्यावी. अहिल्याबाई हव्याच असा आग्रह राहिला तर मागील बाजूस तळाशी एकच बिल्वपत्र ठेवता येईल. ज्याला इंदूर ठाऊक आहे त्याला ते कळेल, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या वाचनात त्याने अडथळा येणार नाही. मोकळ्या जागेला समितीतले कोणी ना कोणी ‘रिकामे वाटते’ असे नक्की म्हणेल. तेव्हा रचना कागदावर प्रत्यक्ष आकारात छापून, गोल कापून, हात लांब करून पाहायला द्यावी. संगणकाच्या पडद्यावर वीतभर मोठे दिसणारे चित्र पाहून घेतलेली मंजुरी माझ्या दृष्टीने मंजुरी नव्हेच.

झिलईच्या बाबतीत मला आरशासारखे चकाकणारे नाणे आवडत नाही. बोटांचे डाग त्याच्यावर लगेच दिसतात आणि आपले सभासद ते देवघरात किंवा कपाटात उघडेच ठेवणार आहेत. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडतेच, तेव्हा आधीच खोलगट भागात हलकी काळपट झाक देऊन उंच भाग पुसून घेतला तर अक्षरे उठून दिसतात आणि जसजशी वर्षे जातील तसे ते अधिक चांगले दिसते. परंतु हा रुचीचा प्रश्न आहे. पांढरी चकाकीच हवी असेल तर प्रत्येक नग बंद पारदर्शक डबीत द्यावा.

अखेरची गोष्ट कामाच्या कराराची. ठसा मंजूर करण्यापूर्वी मऊ धातूवर काढलेली चाचणीची छाप मागावी आणि ती दिव्याखाली तिरकी धरून पाहावी, कारण उठावाचे दोष सरळ उजेडात लपतात. किती नग पाडायचे ते आधी लेखी ठरवावे. काम संपल्यावर दोन्ही ठशांवर आडवी रेघ मारून ते संस्थेच्या ताब्यात द्यावेत, हे कलमही त्यातच घालावे. नाहीतर ठसा कारागिराकडेच राहतो आणि पुढे कोणी किती नग पाडले, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. रेघ मारलेले ते ठसे वाचनालयाच्या दप्तरात जुन्या शिक्क्याशेजारी ठेवता येतील.